नैनिताल: तळ्याचं पाणी येतं कुठून, आणि गाव त्यावर कसं जगतं

तळ्याकाठी (धागाकर्ती)

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की नैनितालचे धागे निघतात. हॉटेल कुठलं घ्यावं, बोटीचा दर काय, स्नो व्ह्यूला रोपवेने जावं की चालत, एवढ्यावर ते संपतात. मी लग्नानंतर याच गावात राहते, तल्लीतालच्या बाजूला. इथे राहून एक गोष्ट पक्की कळली. घर कुठे बांधावं इथपासून नळाला पाणी किती वेळ येईल इथपर्यंत गावातला प्रत्येक प्रश्न शेवटी तळ्यापाशी जातो. तळ्याची गोष्ट मात्र सुरू होते वर, डोंगरात, नाल्यांत आणि सूखाताल नावाच्या एका खोलगट जागेत. तिथे पर्यटक सहसा फिरकत नाहीत. म्हणून हा धागा.

आधी नकाशा. वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेली लांबट दरी आणि तिच्या तळाशी तळं. लांबी दीड किलोमीटरला थोडी कमी, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आत, सगळ्यात खोल जागी सुमारे २७ मीटर पाणी. समुद्रसपाटीपासूनची उंची १९३८ मीटरच्या आसपास. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल. वायव्येला नैना पीक (जुने लोक अजून चीना पीक म्हणतात) २६०० मीटरच्या वर चढतं. ईशान्येला शेर-का-डांडा, पलीकडे अयारपाटा. मॉल रोड शेर-का-डांडाच्या पायथ्याशी आहे. समोरच्या काठाची पायवाट ठंडी सडक, कारण अयारपाट्याच्या सावलीमुळे तिथे ऊन उशिरा आणि थोडंच येतं. हिवाळ्यात आम्ही मॉल रोडच्या बाजूने चालतो, मे महिन्यात ठंडी सडकेने.

मल्लीतालहून कालाढूंगीच्या रस्त्याने थोडं वर गेलं की सूखाताल लागतं. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, हळूहळू ते जमिनीत जिरतं आणि उन्हाळ्यात कोरडं मैदान उरतं. मोकळी दिसते म्हणून त्या जागेत वर्षानुवर्षं गाड्या लागल्या, बांधकामाचा राडारोडा पडला, कडेने घरं उभी राहिली. पण रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या अभ्यासांनी दाखवलं आहे की नैनी तळ्याला जमिनीखालून जे पाणी मिळतं, त्याचा मोठा वाटा सूखातालमध्ये मुरलेल्या पाण्याचा असतो. आपण बोटीतून जे पाहतो ते पाणी निम्मंअर्धं आधी वर कुठेतरी जिरलेलं असतं.

रानवाटा

फारच उत्तम विषय. आम्ही कुटुंबासह येऊन गेलो आहोत, पण सूखातालचं नाव कुणी घेतलं नव्हतं. एक शंका: डोंगर इतका उभा असताना पाणी वाहून न जाता मुरतं कसं? आपल्याकडे सह्याद्रीत एवढा पाऊस पडूनही मार्चपासून टँकर सुरू होतात.

खडकवाचक

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून कुमाऊंत (नैनिताल ज्या डोंगराळ भागात येतं तो) काम केलंय, म्हणून थोडं लिहितो.

सह्याद्रीचा बेसाल्ट आणि नैनितालचे खडक यांत फार फरक आहे. अयारपाट्याची बाजू मुख्यतः चुनखडक आणि डोलोमाइटची. भूवैज्ञानिक या थरांना क्रोल म्हणतात. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यात भेगा आणि पोकळ्या पडतात, पाणी त्यांतून आत उतरतं आणि खालच्या बाजूला झऱ्यांच्या रूपाने निघतं. सूखाताल अशाच भागात आहे. तिथे साठलेलं पाणी उताराने धावत जात नाही, ते भेगांतून तळ्याकडे झिरपतं. म्हणून पाऊस संपल्यानंतरही तळ्याला पाणी मिळत राहतं. तळ्यातूनही पाणी पुढे झिरपतं आणि खाली, तळ्यातून बाहेर पडणाऱ्या बलिया नाल्याच्या खोऱ्यातल्या झऱ्यांना मिळतं.

शेर-का-डांडाची बाजू वेगळी. तिथे शेल आणि स्लेट. हे थर पत्त्यांच्या गड्डीसारखे असतात: मध्ये पाणी शिरलं की एकमेकांवरून सरकायला लागतात. या दोन बाजूंच्या मधून, तळ्याच्या लांबीच्या दिशेने एक प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) जातो, आणि गावाच्या दक्षिणेला हिमालयातली एक मुख्य भेग, मेन बाउंड्री थ्रस्ट, आहे. म्हणजे खडक आधीच चुरलेला. अशा जागी डोंगर उभा राहील की नाही हे पाणी कुठून वाट काढतं यावर ठरतं.

१८८० ची गोष्ट इथे सांगायला हवी. त्या सप्टेंबरमध्ये मुसळधार पाऊस झाला. १८ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, शेर-का-डांडाच्या उतारावरून दरड आली आणि व्हिक्टोरिया हॉटेलच्या आवारातली माणसं गाडली गेली. सैनिक, अधिकारी, मजूर खणून काढायला धावले. दुपारी त्याच जागी त्याहून मोठी दरड कोसळली आणि मदतीला आलेल्यांसह हॉटेल, खाली काठावरचं नैना देवीचं देऊळ, सगळं घेऊन तळ्यात गेली. १५१ माणसं मेली. मल्लीतालचं ते मोठं पटांगण, फ्लॅट्स, जिथे आज हॉकी-फुटबॉलचे सामने होतात, ते त्या दरडीच्या मातीने आणखी रुंद झालं. सेंट जॉन इन द वाइल्डरनेस चर्चमध्ये त्या दिवशी गेलेल्यांच्या स्मृतीचा फलक आहे.

तळ्याकाठी

@खडकवाचक, मनापासून आभार. तुमच्या मुद्द्याला जोडून नाल्यांबद्दल लिहिते, कारण १८८० नंतरच या गावाने नाल्यांकडे खऱ्या अर्थाने लक्ष दिलं.

डोंगरउतारावर पडलेलं पाणी मातीत न शिरता लवकर आणि ठरलेल्या वाटेने खाली यावं म्हणून इंग्रजांच्या काळात दगडी नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. मोठे नाले, त्यांना मिळणारे छोटे नाले, मधे गाळ आणि दगड अडवायला खड्डे. तळ्यात उतरणारे नाले साठच्या आसपास आहेत आणि त्यांना नंबर आहेत. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत 'नाला नंबर अमुक तुंबला' अशा बातम्या पावसाळ्यात रोज असतात आणि लोक त्या आधी वाचतात. शंभर वर्षांहून जुनं हे नाल्यांचं दगडी जाळं अजून काम करतं, आणि माझ्या मते नैनितालमधलं सगळ्यात मोलाचं बांधकाम तेच आहे, भले त्याचा फोटो कुणी काढत नसेल.

दुखणं असं की घर दुरुस्त करताना निघालेला मलबा लोक नाल्यात लोटतात. मोठा पाऊस आला की तो वाहून जातो. नजरेआड होतो, पण जातो तळ्यात. २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यात तळ्याची पातळी खूप खाली गेली तेव्हा प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी गाळाचे त्रिकोण उघडे पडले. इथे सगळे त्यांना 'डेल्टा' म्हणत. त्यावर मुलं खेळत होती. तो गाळ आमच्याच घरांतून आलेला होता.

पावसाळी_ढग

गाव पाणी त्याच तळ्याचं पितं का?

तळ्याकाठी

हो. मल्लीतालला फ्लॅट्सच्या बाजूला तळ्याकाठी ट्यूबवेल आहेत. तळ्याचं पाणी काठच्या वाळू-गाळाच्या थरांतून गाळलं जात विहिरीत येतं आणि तिथून पंपाने वर डोंगरावरच्या टाक्यांत चढवतात. याला बँक फिल्ट्रेशन म्हणतात. पूर्वी पाणी थेट तळ्यातून घेत. म्हणजे मलबा, सांडपाणी, हॉटेलांची गर्दी, सगळ्याचा संबंध आमच्या हंड्याशी आहे. मे-जूनमध्ये माणसं कितीतरी पटींनी वाढतात आणि तळं नेमकं तेव्हा सगळ्यात खाली असतं.

तल्लीतालला डांठ आहे. डांठ म्हणजे तळ्याच्या तोंडावरचा बांध आणि त्यावरचा चौक. तिथेच गांधीजींचा पुतळा, बस स्टँड, पोस्ट. त्याखाली जादा पाणी सोडायची दारं आहेत. आजही पातळी फूट-इंचांत मोजतात आणि चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुमाऊंत अवेळी प्रचंड पाऊस झाला तेव्हा दारं उघडूनही पाणी मॉल रोडवर आणि तल्लीतालच्या दुकानांत शिरलं. चार वर्षांत दोन्ही टोकं पाहिली आम्ही, डेल्टाही आणि पूरही.

जलचर

तलावांवर काम करतो म्हणून एक भर. उन्हाळ्यात नैनी तळ्याचं वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वर राहतं, तळाचं थंड आणि जड पाणी खालीच अडकतं. वरून बुडालेला सेंद्रिय कचरा तिथे कुजतो आणि तळचा प्राणवायू संपतो. हिवाळ्यात वरचं पाणी थंड होऊन खाली जातं आणि सगळं तळं ढवळलं जातं. प्राणवायू नसलेलं पाणी वर आल्यामुळे थंडीत मासे मरून काठाला लागत. यावर उपाय म्हणून २००७ पासून तळाशी नळ्या टाकून हवा सोडतात. बोटीतून कुठे कुठे जे बुडबुडे दिसतात ते हेच. त्याने सुधारणा झाली, पण हे बाहेरून दिलेल्या श्वासावर जगणं आहे. नाल्यांतून येणारी घाण थांबली तरच ते यंत्र कधीतरी बंद करता येईल.

डोंगरवाट

सगळं वाचून एकच वाटतं: गाड्या बंद करा. जितकी माणसं गाव पेलू शकेल तितकीच आत सोडा. दर शनिवारी कालाढूंगी आणि हल्द्वानीच्या दोन्ही रस्त्यांवर रांगा लागतात, त्यात जवळच्या कैंची धाम आश्रमाला जाणाऱ्यांची गर्दी. डोंगर हलतोय, आणि आपण त्यावर आणखी एक मजला चढवतोय. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा तुकडा तळ्यात गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉप या टेकडीवरचं डोरोथी सीट, बसायचा जुना दगडी ओटा, कोसळलं. आणखी काय घडायचं राहिलंय?

तळ्याकाठी

@डोंगरवाट, तुमची कळकळ समजते आणि बाहेरच्या गाड्या गावाबाहेर थांबवून शटलने माणसं आणावीत याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. गर्दीच्या दिवसांत तसं करतातही.

पण माणसं थांबवणं इतकं सोपं नाही. आमच्या खालच्या घरात एक दाज्यू (म्हणजे दादा) राहतात, तळ्यावर नाव चालवतात. 'सीजन' म्हणजे एप्रिलअखेर ते जून, आणि मग थोडं दसरा-दिवाळीला. त्या कमाईवर डिसेंबर-जानेवारी काढायचा. मेणबत्त्यांची दुकानं, मल्लीतालच्या भोटिया बाजारातले लोकरीचे कपडे विकणारे, सामान वाहणारे नेपाळमधले मजूर, हॉटेलांत काम करणारी अल्मोडा-बागेश्वरकडची पोरं, सगळ्यांचं गणित तेच. बोर्डिंग शाळाही हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे तेव्हा बाजार ओस पडतो. राज्याचं उच्च न्यायालय इथे नैनितालमध्ये आहे, ते खाली हल्द्वानीला हलवावं की नाही यावर इथे घराघरांत दोन मतं आहेत. गर्दी कमी होईल हे खरं, पण वकील, अशील, टायपिस्ट, खानावळी यांच्यावर बारमाही चालणारा बाजार जाईल हेही खरं.

माझं मत विचाराल तर मर्यादा बांधकामावर आधी हवी, माणसांवर नंतर. माणूस रविवारी परत जातो. उतारावर ओतलेलं काँक्रीट तिथेच राहतं, आणि त्याखालची जमीन पाणी प्यायची थांबते. सूखातालचंच बघा. तिथे सुशोभीकरणाचं काम निघालं तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ज्या जागेचं काम पाणी जिरवणं आहे ती बारा महिने भरलेली 'छान' दिसावी म्हणून तिचा तळ बुजवला तर खालचं तळं उपाशी राहील, ही इथल्या जाणत्या लोकांची भीती होती, आणि मला ती अगदी रास्त वाटते.

खडकवाचक

+१. आणि जुन्या राज्यकर्त्यांनाही हा धडा नुकसान सोसूनच मिळाला. शेर-का-डांडावर बांधलेलं गव्हर्नमेंट हाउस उताराला भेगा पडल्यामुळे सोडून द्यावं लागलं. मग तल्लीतालच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या डोंगरावर, पुढे राजभवन झालेलं नवं गव्हर्नमेंट हाउस बांधलं. त्याचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचेच वास्तुविशारद. सीएसएमटीच्या डौलाची सवय असलेल्या माणसाला तिथले मनोरे आणि कमानी ओळखीच्या वाटतील.

बलिया नाल्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते तळ्याच्या उलट बाजूला, डांठाखाली आहे. तळ्यातून निघालेलं पाणी त्याच दरीने ज्योलीकोटकडे आणि पुढे गौला नदीकडे जातं. ती दरी वर्षानुवर्षं ढासळते आहे. १८९८ मध्ये तिथे कैलाखानला मोठी दरड आली होती. अलीकडच्या काळात हरिनगर भागातली कुटुंबं हलवावी लागली. तळ्याला धरून ठेवणारा काठ त्याच बाजूला आहे, म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

कुळीथपिठी

विषय गंभीर आहे, पण स्थानिक जगण्याबद्दल म्हटलंय म्हणून विचारते. तिथे घरात काय शिजतं? हॉटेलांत पनीर आणि मॅगीपलीकडे काही मिळालं नाही.

तळ्याकाठी

@कुळीथपिठी, तुमच्या नावातच उत्तर आहे! इथे थंडीत गहत म्हणजे आपले कुळीथ रोजच्यासारखे होतात, आणि मूतखड्यावर ते चांगले ही समजूत दोन्हीकडे सारखीच. मडुवा म्हणजे नाचणी, त्याच्या रोट्या तूप-गुळाशी. झंगोरा आपल्या वरीच्या तांदळाच्या जवळचा, त्याची खीर. काळ्या सोयाबीनला भट्ट म्हणतात, लोखंडी कढईत त्याची चुडकाणी होते आणि भाताशी खातात. गडेरीची, म्हणजे अळकुड्यांची रस्सेदार भाजी, भांगेच्या बियांची चटणी (नशा नसते, निर्धास्त राहा), आणि मोहरी वाटून घातलेलं काकडीचं रायतं, जे पहिल्या घासाला नाकातून पाणी काढतं. सासूबाई कोकणी आमटी चवीने खातात, पण भाताबरोबर जम्बूची (डोंगरातली एक वासाची वनस्पती) फोडणी दिलेली डाळच हवी असते.

मेमध्ये काफळ येतात, छोटी लालभडक आंबटगोड फळं. रस्त्याकडेला टोपलीत, मीठ लावून द्रोणात देतात. ती घ्याच. थंडीत घरात सग्गड पेटते, लोखंडी शेगडी, कोळशाची. तिच्याभोवती अख्खं घर बसतं. दार-खिडकी थोडी उघडी ठेवायचीच, हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगतात.

माहेरवाशीण

नंदा देवीच्या मेळ्याबद्दल लिहा ना.

तळ्याकाठी

लिहितेच. इथे आल्यावर पहिल्यांदा मला घरची आठवण त्याच दिवसांत आली, कारण नंदाष्टमी भाद्रपद शुद्ध अष्टमीला, म्हणजे आपल्याकडे गौरी येतात त्याच सुमाराला. नैनितालमध्ये हा मेळा १९०३ पासून भरतो. जवळच्या गावातून केळीची झाडं मिरवणुकीने आणतात आणि त्यांच्या खोडांपासून नंदा आणि सुनंदा या दोन बहिणींच्या मूर्ती घडवतात. बांबू, कापड, नैसर्गिक रंग. नैना देवीच्या देवळात त्यांची स्थापना होते. शेवटच्या दिवशी डोला, म्हणजे मूर्तींची पालखी, निघतो, अख्खं गाव रस्त्यावर येतं, आणि मूर्ती तळ्यात विसर्जित करतात. नंदा ही हिमालयाची लेक, माहेरी आलेली आणि सासरी परत निघालेली. बायका खरंच रडतात. मी दरवर्षी घरी गौरीही बसवते आणि डोल्यालाही जाते. सासूबाईंना हे दोन वेगळे सण वाटतच नाहीत.

कुमाऊंनी बैठकी होळीही ऐकावी अशी. पौषापासूनच घराघरांत बैठका सुरू होतात, हार्मोनियम-तबला, काफी, पिलू, भैरवी अशा रागांत होळ्या गातात. रंगाला अजून दोन-अडीच महिने असतात.

अण्णा_सातारकर

पंत, जोशी ही आडनावं तिथे सर्रास दिसतात. महाराष्ट्राशी संबंध आहे काय?

तळ्याकाठी

अण्णा, कुमाऊंतल्या पंत घराण्यांत पूर्वज महाराष्ट्रातून, कोकणाकडून आल्याची परंपरा सांगतात. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत त्याच घराण्यांतले, मल्लीतालला त्यांचा पुतळा आहे. आज ते सगळे भाषेने, खाण्याने, रीतीने पूर्ण कुमाऊंनी आहेत. मी मराठी आहे कळलं की शेजारच्या पंत आमा (आजी) मात्र हटकून म्हणतात, 'मग तू आमच्याच गावची.'

रानवाटा

शेवटचा प्रश्न. आईवडिलांना घेऊन यायचंय, दोघं सत्तरीच्या पुढचे. गर्दी नको, चढ नको, पण तुम्ही सांगितलेलं पाहायचंय. कधी आणि कसं?

तळ्याकाठी

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. पाऊस गेलेला, हवा स्वच्छ, तळं भरलेलं. दिवाळीचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी येतात, तेव्हा वयस्क माणसांना घेऊन येऊ नका.

दिल्लीहून रात्रीच्या रानीखेत एक्स्प्रेसने सकाळी काठगोदाम. तिथून गाव साधारण ३५ किलोमीटर. पहिल्या दिवशी फक्त ठंडी सडक: तल्लीतालच्या डांठापासून पाषाण देवीवरून नैना देवीच्या देवळापर्यंत, रस्ता बराचसा सपाट, गाड्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टॅक्सीने सूखातालला जा आणि परत येताना मल्लीतालला एखादा मोठा नाला तळ्याला कुठे मिळतो ते काठावरून पाहा. वडिलांना आकाशाची आवड असेल तर मनोरा पीकला आर्यभट्ट संशोधन संस्थेची वेधशाळा आहे. लोकांना कधी सोडतात ते निघण्याआधी विचारून घ्या. राहायची जागा निवडताना किती पायऱ्या चढायच्या आहेत हे फोनवर नक्की विचारा, कारण इथे 'मॉल रोडपासून दोन मिनिटं' ही दोन मिनिटं बहुतेक वेळा उभी असतात. आणि काठगोदामहून निघताना आईला पुढच्या जागेवर बसवा, ज्योलीकोटच्या वळणांवर मागे बसलेल्यांना मळमळतं.